पंडिता रमाबाई आणि दाराशी आलेली स्त्री

आमच्या कोकणातील लहान लहान मंडळ्यांत काम करणारे उपदेशक भेटतात, तेव्हा ते शास्त्रातील कूट प्रश्नांपेक्षा घरसंसाराचेच प्रश्न अधिक विचारतात. त्यांतला एक प्रश्न नेहमीचा आहे. रात्र बरीच झालेली असते आणि दाराची कडी वाजते. बाहेर शेजारच्या वाडीतली बाई उभी असते. काखेत मूल, कपाळाला खोक. नवऱ्याने मारलेले असते, नाहीतर दिराने. किंवा सासूने भांडे-कपड्यांसकट घराबाहेर काढलेले असते. ही बाई आपल्या मंडळीतली नसते. ती कुणबीवाडीतली असते, बौद्धवाडीतली असते, मोहल्ल्यातली असते. तिला घरात घ्यावे की नाही? घ्यावे तर सकाळी गावात बोभाटा होतो की, ख्रिस्ती लोकांनी बाई बाटवावयास नेली. न घ्यावे तर ती विहीर जवळ करील ही भीती. आणि कधी कधी ती बाई आपल्याच मंडळीतली असते, व तिला मारणारा रविवारी पुढच्या बाकावर बसून गाणी म्हणणारा असतो, हेही येथे लिहून ठेवले पाहिजे.

या प्रश्नास आमच्यापाशी तयार उत्तर नाही. परंतु ज्या बाईने हा प्रश्न जन्मभर अंगावर घेतला तिचे चरित्र आम्हांस ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंविषयी आपल्या लोकांत पुष्कळ बोलले जाते; त्यांचा ख्रिस्तस्वीकार, त्यांची प्रार्थना, त्यांचे बायबलाचे भाषांतर यांविषयी वाचकांनी अनेकदा ऐकले असेल. या वेळी त्यांच्या दाराकडे पाहावे, म्हणजे ते दार कोणासाठी उघडले, कोणत्या अटीवर उघडले, आणि त्यापायी त्यांस काय सोसावे लागले, एवढेच सांगावे असा आमचा विचार आहे.

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण व मोठे विद्वान होते. पुण्यास दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकविणाऱ्या रामचंद्रशास्त्री साठ्यांजवळ त्यांचे अध्ययन झाले होते. स्त्रीच्या तोंडी गीर्वाणभाषा शोभते हे तेथे त्यांनी डोळ्यांनी पाहिले, आणि ते त्यांच्या मनातून गेले नाही. पुढे त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला शिकविण्याचा निश्चय केला. लोकांस हे खपले नाही. उडुपीस विद्वानांच्या सभेपुढे जाऊन त्यांस आपल्या कृत्याचे शास्त्राधारे समर्थन करावे लागले. अखेरीस सह्याद्रीच्या रानात गंगामूळ म्हणून ठिकाण आहे तेथे ते राहावयास गेले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. मुलीस भागवत शिकविले ते आईने, तेही पहाटे घरची कामे सुरू होण्यापूर्वी.

रमाबाईंच्या थोरल्या बहिणीचे नाव कृष्णाबाई. येथे थोडे थांबावयास हवे, कारण आमच्या मते पुढच्या सर्व कार्याचे मूळ येथेच आहे. बाईंनी पुढे इंग्रजीत जे पुस्तक लिहिले त्यात नाव न सांगता एका जवळच्या आप्त स्त्रीची हकीकत दिली आहे. ती कृष्णाबाईंचीच असे चरित्रकार मानतात. मुलीचे लग्न लहानपणी झाले. मुलाला सासऱ्याच्या घरी ठेवून शिकवावे असा करार होता. परंतु लग्न लागताच मुलाकडच्यांनी तो मोडला आणि मुलाला परत नेले. मुलगी बापाजवळ शिकून शहाणी झाली. मुलगा निरक्षर आणि निरुद्योगी राहिला. १३ वर्षांनी तो बायको मागावयास आला. मुलीला जायचे नव्हते आणि आईबापांनाही पाठवावेसे वाटेना. तेव्हा गावातील सनातनी मंडळींनी वर्गणी करून त्याला सरकारी कोर्टात दावा लावून दिला, आणि कोर्टाने निकाल त्याच्या बाजूने दिला. बायको ही नवऱ्याची, तिने गेलेच पाहिजे. ती गेली असती. पण त्याआधीच पटकीने तिची सुटका केली.

या घरात कोणी कोणास मारले नव्हते, हे लक्षात ठेवावे. बाप प्रेमळ, आई प्रेमळ, दोघेही विद्वान. तरीसुद्धा एक मुलगी अशी कोंडली गेली की, मरणाखेरीज तिला दुसरी वाट उरली नाही. ज्या घरी बाप प्रेमळ नव्हता तेथे काय होत असेल, याचा विचार रमाबाईंच्या मनात तेव्हापासूनच शिरला असला पाहिजे. थोरलीचे हाल पाहून धाकटीचे लग्न लहानपणी करावयाचे नाही असे अनंतशास्त्र्यांनी ठरविले, आणि म्हणून रमाबाई अविवाहित वाढल्या. त्या काळच्या ब्राह्मण घरात ही गोष्ट केवढी धाडसाची होती हे वाचकांस सांगावयास नको.

पुढची हकीकत आम्ही भराभर सांगतो. हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरत असे. १८७४ च्या सुमाराच्या दुष्काळात बाप गेला, आई गेली, कृष्णाबाईही गेली. रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवास ही दोघे देशभर पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधूही वारले. त्याच वर्षी नोव्हेंबरात रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला; जात निराळी, भाषा निराळी. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू पटकीने गेले. अशा रीतीने वयाच्या २४ व्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा झाल्या. कडेवर मूल, माहेर नाही आणि सासर परके. दाराशी येणारी बाई कशी असते हे त्यांस पुस्तकात वाचावे लागले नाही.

त्या पुण्यास आल्या, १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज काढला, आणि त्याच वर्षी शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर पाहिजेत असे सांगितले. १८८३ मध्ये त्या इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहत असता २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. या घटनेवर तेव्हाही कागद काळे झाले आणि आजही होतात. आम्ही येथे एवढेच म्हणतो की, त्या ख्रिस्ती झाल्या, पण त्यांनी आपली विचारशक्ती कोणाकडे गहाण टाकली नाही. वाँटेजच्या भगिनींशीही त्यांचे कित्येक बाबतीत मतभेद झाले. शाकाहार त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. मराठी पेहराव आणि मराठी बोलणेही सोडले नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियास गेल्या, आणि पुढल्या वर्षी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीविषयीचे ते पुस्तक तेथेच प्रसिद्ध झाले. त्याच सुमारास मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लग्न झालेल्या या मुलीने मोठेपणी नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारले. १८८५ मध्ये एका न्यायाधीशाने तिच्या बाजूने निकाल दिला. तो अपिलात फिरला. आणि १८८७ च्या मार्चात हुकूम झाला की, तिने नवऱ्याच्या घरी जावे, नाहीतर सहा महिने तुरुंगात बसावे. तिने तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. शेवटी १८८८ मध्ये २००० रुपये देऊन तडजोड झाली. पुढे रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या व सुरत, राजकोट येथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची शुश्रूषा केली. रमाबाईंनी आपल्या पुस्तकात या खटल्याचा उल्लेख केला आहे. स्वतःच्या घरी जे घडले तेच दहाबारा वर्षांनी भर मुंबईत, वर्तमानपत्रांच्या उजेडात घडत असलेले त्यांस दिसले. कायदा स्त्रीला घराकडे परत ढकलतो, आणि घर सोडलेल्या स्त्रीला उभे राहावयास हातभर जागा नाही. तेव्हा आधी जागा पाहिजे.

या जागेसाठी बोस्टन शहरी १८८७ च्या डिसेंबरात रमाबाई असोसिएशन स्थापन झाली व तिने दहा वर्षे खर्च चालविण्याचे पत्करले. ती मंडळी ख्रिस्ती होती. तरी ठरविले ते असे की, या घरात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, आणि येणाऱ्या स्त्रीने आपला धर्म व जात पाळण्यास मोकळीक असावी. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पहिल्या सभेच्या अध्यक्ष काशीबाई कानिटकर होत्या.

आता आमच्या रत्नागिरीकरांनी कान द्यावा. या सदनात आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी आपल्याच जिल्ह्याची, देवरुखची. तिचे नाव गोदूबाई, माहेरचे आडनाव जोशी. आठव्या वर्षी लग्न झाले आणि तीन महिन्यांच्या आत नवरा वारला. मग केशवपन, आणि सासरी नातू मंडळींच्या घरी वर्षानुवर्षे राबणे. तिचा भाऊ नरहरपंत मुंबईस शिकत होता. त्याने धैर्य करून बहिणीला तिकडे नेले आणि सदनात घातले. तेव्हा तिचे वय २४ च्या आसपास होते.

आम्ही कोकणातली माणसे विधवेच्या हालाविषयी बोलताना बहुधा केशवपन आणि लाल आलवण एवढ्यावर थांबतो. परंतु ज्या घरात ती राहते त्याच घरातले हात तिला मारतात, त्याच घरातली तोंडे तिला पांढऱ्या पायाची म्हणतात, आणि रात्री त्याच घरातल्या एखाद्या पुरुषाची तिला भीती वाटते. हा छळ परक्याचा नव्हे, घरचा आहे. आजच्या कायद्यात कौटुंबिक हिंसा हा जो शब्द आहे त्यात हे सर्व येते. मारणे तेवढे हिंसा आणि उपाशी ठेवणे, कोंडणे, टाकून बोलणे, पैसाअडका काढून घेणे ही घरची बाब, असा भेद तो कायदा करीत नाही.

शारदा सदनात ब्राह्मण स्वयंपाकीण होती. सोवळेओवळे, उपासतापास ज्यांस पाळावयाचे त्या पाळीत. स्वतः रमाबाई ख्रिस्ती, म्हणून त्या इतरांच्या पंक्तीचा विटाळ होईल असे काही करीत नसत. १८९० मध्ये सदन पुण्यास आले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे थोर हिंदू गृहस्थ सल्लागार मंडळात होते, आणि त्यांनी मनापासून साह्य केले हे आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये.

परंतु बाई रोज सकाळी मनोरमेबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करीत, आणि खोलीचे दार उघडे असे. काही मुली आपण होऊन दाराशी येऊन बसू लागल्या, मग आत येऊ लागल्या. झाले. केसरीने टीकेची झोड उठविली. सदन म्हणजे बाटविण्याचा कारखाना, असा बोभाटा झाला. सल्लागारांचे म्हणणे असे होते की, बाईंनी दार लावून घ्यावे किंवा मुलींना येऊ देऊ नये. बाईंचे म्हणणे असे की, मी कोणास बोलावीत नाही, तशी कोणास हाकलणारही नाही. ज्या घरात हिंदू मुलीस तुळशीला पाणी घालण्याची मोकळीक आहे त्या घरात मला माझ्या देवाचे नाव उघड घेण्याची मोकळीक असलीच पाहिजे. १८९३ च्या ऑगस्टात रानडे व भांडारकर यांनी राजीनामे दिले. पालकांनी सुमारे २५ मुली काढून नेल्या. त्या मुली कोठे गेल्या? ज्या घरांतून आल्या होत्या, त्याच घरांत.

या भांडणात कोणाची बाजू खरी, याचा आम्ही अनेक वर्षे विचार केला आहे. आपल्यापैकी पुष्कळांस वाटते की बाईंची बाजू सर्वस्वी खरी व विरोधक सर्वस्वी दुष्ट. आमचे मत तसे नाही. ज्या स्त्रीला तुमच्या घराखेरीज जगात दुसरे छप्पर नाही, तिच्या इच्छेस स्वतंत्र इच्छा म्हणावे काय, ही रानड्यांची शंका खोटी नव्हती. जिचे अन्न आपण देतो तिने आपल्याबरोबर गुडघे टेकले, तर त्यात किती श्रद्धा आणि किती भीड, हे देवालाच ठाऊक. उलट पक्षी, मुलींना काढून नेणाऱ्यांनी त्यांस दुसरे कोणते घर दिले? त्या वेळी पुण्यात तसे हिंदू घरच नव्हते. धर्म वाचला, मुलगी बुडाली.

याच वादळाच्या वर्षी एक गोष्ट घडली, ती विरोधकांनी नीट पाहिली असती तर त्यांचा राग थोडा निवळला असता. मुरूडचे धोंडो केशव कर्वे पुण्यास फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवीत होते. ते नरहरपंतांचे स्नेही. पहिली पत्नी वारलेली. त्यांनी विधवेशीच लग्न करावयाचे ठरविले आणि गोदूबाईंस मागणी घातली. ११ मार्च १८९३ रोजी, म्हणजे सदनाच्या चौथ्या वाढदिवशी, हे लग्न झाले. रमाबाईंस त्याचा मोठा आनंद झाला. त्यांनी गोदूबाईंस चार वर्षे शिकविले, सांभाळले. ती मुलगी हिंदू राहून हिंदूच्या घरी गेली, आणि बाईंनी तिचे कोडकौतुक करून तिला पाठविले. बाटविण्याचा कारखाना असा चालत नसतो. मुरूडकरांनी मात्र कर्व्यांस वाळीत टाकले.

गोदूबाईंचे नाव आता आनंदीबाई झाले. लोक त्यांस बाया कर्वे म्हणू लागले. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. तो पुढे पुण्याजवळ हिंगण्यास गेला. जे हिंदू घर १८९३ मध्ये नव्हते ते असे उभे राहिले, आणि त्यासाठी घरोघर वर्गणी मागत फिरणाऱ्यांत शारदा सदनाची ही देवरुखची मुलगी होती. ख्रिस्ती बाईच्या दिव्यावर हिंदू दिवा लागला, असे कोणी म्हटले तर आम्हांस त्यात कमीपणा वाटत नाही.

यानंतर बाईंचे काम निराळ्या वाटेने गेले. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. आपल्या आईबापांचे दुष्काळातले मरण ज्यांनी पाहिले होते त्या बाई घरी बसणे शक्यच नव्हते. त्या गेल्या आणि सुमारे ३०० मुली व स्त्रिया घेऊन आल्या. दुष्काळी रानात मुली विकत घेणारे लोकही फिरत असत. त्यांच्या हातून ज्या सुटल्या त्यांतल्या कित्येक या होत्या. इतक्यात पुण्यास प्लेग आला. सरकारी बंदोबस्तात बायकांची जी विटंबना झाली तिच्याविषयी बाईंनी १८९७ मध्ये मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात उघड पत्र लिहिले, आणि राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्यांनी शब्द गिळले नाहीत. पुण्यापासून सोलापूरच्या रस्त्याने सुमारे ५५ किलोमीटरवर केडगाव येथे त्यांनी आधीच जमीन घेऊन ठेवली होती. तेथे झोपड्या, मग इमारती उठल्या. १८९८ मध्ये मुक्ती सदन सुरू झाले. १९०० च्या गुजराती दुष्काळानंतर तेथे सुमारे १,९०० माणसे होती. एका बाईने चालविलेले दोन हजार तोंडांचे घर! आमच्या मंडळीत पन्नास माणसांचे प्रीतिभोजन करावयाचे तर आठ दिवस आधी भांडणे सुरू होतात.

केडगावी कोणी नुसते बसून खात नसे. शेती, गाई-म्हशी, माग, तेलाचा घाणा, शिवण, सुतारकाम, आणि छापखानासुद्धा बायकाच चालवीत. आंधळ्यांसाठी एक भाग निराळा होता. वृद्ध स्त्रियांसाठी निराळा. ज्या स्त्रियांस समाज पतित म्हणतो त्यांच्यासाठी कृपा सदन होते. पतित कोणी केले हे बाई विचारीत नसत. ते त्यांस ठाऊक होते. भाकर, कपडा, औषध यांच्या पाठोपाठ हातास हुन्नर पाहिजे, नाहीतर बाई पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाते, ही गोष्ट त्यांनी ओळखली होती. आजही जे लोक मारहाण झालेल्या स्त्रियांस साह्य करितात ते हेच सांगतात की, जिच्या हातात चार पैसे नाहीत ती मार खाऊनही परत जाते, आणि यात तिचा मूर्खपणा नसतो. लेकरांच्या पोटाचा हिशेब असतो.

मुक्ती सदन हे शारदा सदनासारखे धर्माविषयी तटस्थ राहिले नाही हे सांगितलेच पाहिजे. तेथे भजन ख्रिस्ती, शिकवण ख्रिस्ती, आणि १९०५ मध्ये तेथे जी जागृती झाली ती सर्व ख्रिस्ती जगात गाजली. ज्यांना मागे घर नाही, आईबाप नाहीत, अशा मुलींच्या आईच्या जागी आपण आहोत, आणि आई आपला धर्म लेकरास देते, अशी बाईंची समजूत होती. ती आम्हांस कळते. तरी आमच्या उपदेशकांनी केडगावचा कित्ता डोळे मिटून गिरवू नये. आपल्या दाराशी रात्री येणारी बाई दुष्काळातले अनाथ लेकरू नव्हे. तिला आईबाप आहेत, देव आहे, वाडी आहे. तिला मार नको आहे, देव नको असे तिने म्हटलेले नाही. मोहल्ल्यातली बाई आली तर तिला नमाजासाठी कोपरा द्यावा, बौद्धवाडीतली आली तर तिच्या वंदनेस कोणी हसू नये, हिंदू बाई आली तर तिचा उपास मोडेल असे ताटात वाढू नये. शारदा सदनात हेच केले जात असे. आणि आपली प्रार्थना? ती दार उघडे ठेवून करावी. बाईंनी तशीच केली. पण बोलावणे पाठवू नये.

दुसरीकडे, तिचे घर मोडू नये म्हणून तिला समजावून परत पोहोचविणे हा धर्म असे आपल्यांत फार जण समजतात. नवऱ्याच्या अधीन असावे हे वचन तिच्यापुढे म्हणून दाखवितात, आणि नवऱ्यास प्रीती करण्याची आज्ञा त्याच पानावर आहे ती वाचावयास विसरतात. ख्रिस्ती कायद्याची गोष्टही फारशी अभिमानाची नाही. १८६९ च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे ख्रिस्ती स्त्रीस केवळ क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मिळत नसे. मारझोड कितीही असो, तिला नवऱ्याचा व्यभिचारही शाबीत करावा लागे. मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ही अट अन्यायाची ठरविली, आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. म्हणजे १३० वर्षांहून अधिक काळ आपल्या बहिणींस शेजारच्या पुष्कळ बायांपेक्षाही अरुंद दार होते, आणि आपल्यापैकी किती जणांस ते ठाऊक होते?

आज स्थिती पुष्कळ बदलली आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसेपासून संरक्षणाचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे, आणि तो हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती असा भेद करीत नाही. पत्नीच काय, एका घरात राहणारी विधवा सून, बहीण, आई यांसही तो लागू आहे. घर तिच्या नावावर नसले तरी तिला त्यातून हुसकून काढता येत नाही. सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यास खबर कोणीही द्यावी. ती बाईनेच दिली पाहिजे असे नाही, आणि सद्बुद्धीने खबर देणाऱ्यावर त्याबद्दल दावा चालत नाही. उपदेशकांनी हे कलम ध्यानात ठेवावे, कारण गावच्या पुढाऱ्यांचा धाक त्यांसच अधिक असतो. सरकारी दवाखान्याने अशा स्त्रीस उपचार नाकारू नयेत आणि आश्रयगृहाने जागा द्यावी असेही त्यात आहे. दूरध्वनीचा १८१ हा क्रमांक यासाठीच ठेवला आहे. जिवावरचा प्रसंग असेल तर ११२. कृष्णाबाईंच्या वेळी वर्गणी नवऱ्यासाठी जमली होती आणि कोर्टाने बायकोला घराकडे ढकलले. आज कोर्ट तिच्या बाजूने उभे राहू शकते; बसभाड्याची वर्गणी कोण जमविणार एवढाच प्रश्न.

बाईंच्या शेवटच्या दिवसांकडे वळू. मनोरमा शिकून, विलायतेहून परत येऊन आईचा उजवा हात झाली होती. २४ जुलै १९२१ रोजी ती मिरजेस वारली. आईने शोक केला आणि पुन्हा बायबलाच्या भाषांतरास बसली. हिब्रू व ग्रीक या मूळ भाषा शिकून, खेड्यातल्या अडाणी बाईलाही कळेल अशा साध्या मराठीत संपूर्ण बायबल आणावयाचे हे काम त्यांनी कित्येक वर्षे चालविले होते. ते पुरे झाले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी त्यांचे देहावसान झाले. ते बायबल त्यांच्याच छापखान्यात, त्यांच्याच मुलींच्या हातांनी छापून १९२४ मध्ये बाहेर पडले. केडगावचे मुक्ती मिशन आजही निराधार स्त्रियांस व मुलांस आसरा देते.

शारदा सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी, देवरुखच्या गोदूबाई, बाईंच्या मागे २८ वर्षे जगल्या. त्यांनी आपले आत्मवृत्त सांगून लिहविले आहे. त्याचे नाव माझे पुराण. त्या १९५० मध्ये वारल्या. शेवटपर्यंत त्या हिंदूच होत्या.